पाऊल पडण्याआधीचे दीड सेकंद

दिवाणखान्याच्या सपाट फरशीवर ज्याचा पाय जागच्या जागी खिळतो, तोच माणूस जिन्याच्या पायऱ्या मात्र कोणाच्याही आधाराशिवाय उतरून जातो. पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरी हे दृश्य अपरिचित नाही. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या नात्यातील एका ज्येष्ठाच्या बाबतीत ते टिपले आणि २०१५ साली एका जाहीर व्याख्यानात सांगितले. सपाट जमिनीवर वॉकर लागणारे हे गृहस्थ जिना सहज उतरत आणि जिना संपला की पुन्हा वॉकर हाती घेत. सोनेजी यांनी मग पायऱ्यांचा भास निर्माण करणारे चित्र जमिनीवर अंथरले. चित्र होते तोवर पावले पडत गेली. चित्र संपले तेथे थबकली.

नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदविलेले उदाहरण याहून चकित करणारे आहे. दहा वर्षे पार्किन्सनने ग्रासलेला ५८ वर्षांचा एक रुग्ण धड चार पावलेही टाकू शकत नव्हता. त्याला सायकलवर बसविताच तो ती सराईतपणे चालवू लागला. तोल सांभाळला, वळण घेतले. सायकलवरून उतरल्यावर मात्र पुन्हा तीच गत.

अशा प्रसंगांचा अर्थ घरोघरी बहुधा चुकीचा लावला जातो. ‘मनात आणले की जमते की यांना’, ‘कोणी आले की बरोबर चालतात, आमच्यासमोरच असे करतात’ अशी कुजबुज होते. ‘बाबा, उचला ना पाय!’ असे बजावताना आवाज नकळत चढतो आणि बाबांचा पाय अधिकच घट्ट रुततो. वास्तविक पायात बळ असते. चालायचे कसे, हे ठाऊक असते. चालण्याची इच्छाही असते. मग अडते कोठे? इच्छा आणि हालचाल यांच्या मध्ये मेंदूत जी तयारी व्हावी लागते, तेथे.

नावातच गफलत

आपल्याकडे या विकाराला ‘कंपवात’ म्हणण्याचा प्रघात आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातही कंपच होता. त्या सहांपैकी काही जण तर त्यांना रस्त्यातच दिसलेले होते. हात थरथरणे हे डोळ्यांत भरणारे लक्षण असल्याने विकाराची ओळख त्याच्याशी जोडली जाणे स्वाभाविकच. परंतु अनेक रुग्णांना कंप जवळपास नसतोच. निदानाच्या दृष्टीने अनिवार्य मानले जाणारे लक्षण आहे ते हालचालींतील मंदपणाचे. शर्टाचे बटण लावायला लागणारा वेळ, चालताना एका बाजूचा न हलणारा हात, हळूहळू बारीक होत जाणारे अक्षर, भावनाशून्य भासणारा चेहरा, खालच्या पट्टीत गेलेला आवाज ही सारी त्याचीच रूपे. सही जुळत नाही म्हणून बँकेने धनादेश परत केला, ही काही घरांत विकाराची पहिली चाहूल ठरते. फक्त त्या वेळी कोणाच्या ते ध्यानात येत नाही.

हा मंदपणा म्हणजे अशक्तपणा नव्हे, हे पॅरिसचे विख्यात चेतातज्ज्ञ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते. स्नायूंची ताकद बऱ्यापैकी शाबूत असताना विचार आणि कृती यांच्यात विलंब पडतो, हे त्यांचे निरीक्षण. या विकाराला पार्किन्सन यांचे नाव देण्याचा आग्रहही त्यांचाच. तो विलंब मोजण्याचे साधन मात्र पुढे जवळपास शतकभर कोणाकडे नव्हते.

उलटी फिरविलेली फीत

ते साधन सापडले जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे. हान्स हेल्मुट कॉर्नह्यूबर आणि त्यांचे विद्यार्थी ल्यूडर डीके यांनी १९६४ साली एक साधा प्रयोग मांडला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून बसलेल्या माणसाने, स्वतःला वाटेल तेव्हा, बोट हलवायचे. त्या काळी मेंदूतील विद्युत् हालचाल चुंबकीय फितीवर नोंदविली जाई. बोट हलल्यानंतर मेंदूत काय होते हे पाहणे सोपे होते. हलण्याआधी काय होते हे पाहायचे, तर बोट नेमके कधी हलणार हे आधी कळणार कसे? त्यांनी फीत उलटी चालविली. बोट हलल्याच्या क्षणापासून मागे जात शेकडो नोंदींची सरासरी काढली. तेव्हा दिसले, की हालचालीच्या सुमारे एक ते दीड सेकंद आधीपासून डोक्याच्या मध्यभागी ऋण विद्युतदाब हळूहळू चढत जातो. बोट हलते ते त्या चढणीच्या शेवटी. कॉर्नह्यूबर व डीके यांनी या लहरीला जे जर्मन नाव दिले, त्याचा अर्थ ‘सज्जतेचे विभव’ असा होतो.

थोडक्यात, पेला उचलावा असे मनात आले आणि हात पुढे गेला, असे आपल्याला वाटते तेवढे ते सरळ नसते. कोणते स्नायू, कोणत्या क्रमाने, किती जोराने आणि कोणत्या क्षणी आवळायचे, याची जुळवाजुळव आधी व्हावी लागते. या तयारीत मोठा वाटा असतो तो मेंदूच्या माथ्याजवळ, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भागात असलेल्या पूरक कारक क्षेत्राचा. प्रत्यक्ष स्नायूंना आज्ञा धाडणारे मुख्य कारक क्षेत्र त्याच्या मागे असते. आतून, स्वतःच्या मनाने सुरू होणाऱ्या हालचालींसाठी हे पूरक क्षेत्र विशेष कामी येते.

पार्किन्सनच्या रुग्णांत ही सज्जतेची लहर कशी दिसते, हे लंडनमधील संशोधकांनी १९८९ साली तपासले. लहरीचा सुरुवातीचा भाग, म्हणजे जेव्हा तयारीला नुकताच आरंभ होत असतो तो, निरोगी माणसांच्या तुलनेत ठेंगणा निघाला. हालचाल होते खरी, पण अपुऱ्या तयारीनिशी. तयारी अपुरी म्हणून आरंभ उशिरा, आणि झालेली हालचालही आखूड व मंद.

त्याच शहरात मरजान जहानशाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली या चित्रात महत्त्वाची भर घातली. त्यांनी रुग्णांना एकदा स्वतःच्या मनाने बोट उचलायला सांगितले आणि एकदा आवाजाचा इशारा मिळताच. दोन्ही वेळा मेंदूतील रक्तप्रवाहाची चित्रे घेतली. स्वतःहून बोट उचलताना रुग्णांचे पूरक कारक क्षेत्र निरोगी माणसांच्या मानाने सुस्त राहिले. इशाऱ्याबरहुकूम बोट उचलताना मात्र दोन्ही गटांच्या चित्रांत तसा फरक आढळला नाही.

जिन्याचे कोडे येथे बरेचसे सुटते. प्रत्येक पायरीची कड हा एक इशाराच असतो. सपाट फरशी असा कोणताही इशारा देत नाही. तेथे प्रत्येक पावलाची आज्ञा आतूनच यावी लागते. बाहेरून येणारा इशारा, मग तो रेघेचा असो वा तालाचा, मेंदूतील वेगळ्या वाटेने मुख्य कारक क्षेत्रापर्यंत पोहोचतो आणि बिघडलेली वाट टाळली जाते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सायकलचे पेडलही कदाचित हेच करते. एक पाय खाली जाताना दुसरा वर ढकलला जातो आणि पुढच्या हालचालीची आठवण करून देतो.

सर्पगंधा, ससे आणि डोपामीन

तयारीचे हे यंत्र बिघडते कशाने, याचा शोध लागला तो काहीशा आडवाटेने, आणि त्या वाटेवर मुंबईचाही एक मुक्काम आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि या भारतीय मुळीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रेसर्पिन दिलेले प्राणी मलूल आणि निश्चल होतात, असे दिसून आले. काही रुग्णांतही पार्किन्सनसारखी लक्षणे उद्भवली.

स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना लेव्होडोपा टोचले. मेंदूत गेल्यावर या द्रव्याचे डोपामीन होते. काही मिनिटांत ससे कान टवकारून हालचाल करू लागले. तोवर डोपामीन हे दुसरे रसायन तयार होतानाची केवळ एक पायरी समजले जाई. ते स्वतःच संदेशवाहक असल्याचे कार्लसन यांनी दाखविले. २००० सालच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. ऑस्ट्रियात ओलेह हॉर्निकिएविच यांनी १९६० साली मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामीनची तीव्र कमतरता सिद्ध केली, तर १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियस यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन खुर्चीला खिळलेल्या रुग्णांना चालते केले. लेव्होडोपा आजही या विकारावरील सर्वांत परिणामकारक औषध आहे. आपल्या रानांत वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतही ते असते. मात्र त्यातील प्रमाण कमीजास्त होते आणि वैद्यकीय सल्ल्याविना ते घेणे धोक्याचे ठरू शकते.

हे डोपामीन बनते मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला असलेल्या एका काळसर पट्ट्यात. तेथील पेशी मेंदूत खोलवर असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांना त्याचा पुरवठा करतात. या पुंजक्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. त्यांचे काम समजून घ्यायचे, तर चढावर उभ्या केलेल्या गाडीचा हँडब्रेक आठवावा. बेसल गँग्लिया हालचालींवर सतत ब्रेक लावून ठेवतात. तो नसता, तर मनात आलेली प्रत्येक हालचाल होऊन गेली असती. हवी ती हालचाल निवडून तेवढ्यापुरता ब्रेक सैल करायचा, हे डोपामीनमुळे साधते. डोपामीन आटले, की ब्रेक आवळलेलाच राहतो. इंजिन सुरू असते, पेट्रोल असते, चालकही जागेवर असतो; गाडी मात्र हलत नाही. (मेंदू अर्थातच गाडीपेक्षा फार गुंतागुंतीचा आहे आणि ब्रेकच्या या प्रतिमेने कंपाचा उलगडा होत नाही, हेही खरे.) हालचालींची लक्षणे दिसू लागतात, तेव्हा त्या काळसर पट्ट्यातील पेशींचा मोठा हिस्सा आधीच नष्ट झालेला असतो.

ब्रेकच्या कल्पनेला पुरावा मिळाला तो एका दुर्घटनेतून. कॅलिफोर्नियात १९८२ साली काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे निश्चल होऊन रुग्णालयात आले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी हे विषारी द्रव्य मिसळले गेले होते आणि त्याने नेमक्या त्याच काळसर पट्ट्यातील पेशी मारल्या होत्या, हे डॉ. विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी शोधून काढले. त्यामुळे माकडांत हा विकार निर्माण करून अभ्यासणे शक्य झाले. माहलोन डीलाँग यांच्या गटाने १९९० साली दाखविले, की अशा माकडांच्या बेसल गँग्लियातील सबथॅलॅमिक केंद्रक हा छोटासा पुंजका निकामी केला, तर थिजलेले माकड पुन्हा हालचाल करू लागते. मेंदूचा आणखी एक भाग बिघडवल्याने आधीचा बिघाड सुधारावा, हे वरकरणी विचित्रच. पण तो पुंजका ब्रेक आवळणारा असेल, तर ते तर्काला धरून आहे. फ्रान्समधील ग्रेनोब्लचे अलीम-लुई बेनाबिद १९८७ पासून कंपासाठी मेंदूत खोलवर विद्युत् उत्तेजन देत होतेच. १९९० च्या दशकात त्यांनी ते याच पुंजक्याकडे वळविले. मुंबई-पुण्यातही होणारी ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ ही शस्त्रक्रिया त्यातूनच आली.

अलीकडच्या संशोधनाने या ब्रेकचा जणू आवाजच ऐकविला आहे. बेसल गँग्लिया आणि कारक क्षेत्रे यांच्यात सेकंदाला सुमारे १३ ते ३० आवर्तनांची एक लय चालू असते. तिला बीटा लय म्हणतात. ‘आहे तसेच राहू द्या’ असा काहीसा तिचा अर्थ लावला जातो. निरोगी माणसात हालचालीची तयारी सुरू झाली, की ही लय ओसरते. पार्किन्सनमध्ये ती फाजील वाढलेली असते आणि हालचालीआधी ओसरायला उशीर लागतो. लेव्होडोपाची गोळी लागू पडली किंवा विद्युत् उत्तेजन सुरू झाले, की तिचा जोर कमी होतो. ही लय ओळखून उत्तेजन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. अर्थात मेंदूत इलेक्ट्रोड बसविण्याचा खर्च सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे आणि प्रत्येक रुग्णाला ही शस्त्रक्रिया योग्यही ठरत नाही.

करता येते, पण...

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पिएत्रो माझोनी आणि सहकाऱ्यांचा २००७ सालचा एक प्रयोग घरच्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. ठरावीक वेगाने हात एका लक्ष्याकडे न्यायचा, असे काम त्यांनी दिले. अपेक्षित वेग गाठणे रुग्णांना शक्य झाले, अचूकताही निरोगी माणसांइतकीच राहिली. मात्र तेवढे यशस्वी प्रयत्न पुरे करायला त्यांना अधिक वेळा हात न्यावा लागला. वेगाने हालचाल करण्याची क्षमता उरलेली असते. पण एखाद्या हालचालीवर किती शक्ती खर्चावी याचा जो हिशेब मेंदू आपल्या नकळत मांडत असतो, तो कंजूष झालेला असतो, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. ‘मनात आणले की जमते’ हे घरच्यांचे निरीक्षण म्हणजे पूर्णतः चूक नव्हे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या आळसाच्या निष्कर्षात. निरोगी माणसाला पाऊल ‘मनात आणावे’ लागत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला ते प्रत्येक पावलागणिक आणावे लागते, आणि त्याने माणूस थकतो.

चालताना बोलणे, हातात कप घेऊन जाणे, खिशातला मोबाइल काढणे अशा जोडकामांत पाऊल अडखळते ते याचमुळे. आपोआप होणारे चालणे आता लक्ष देऊन करावे लागते आणि लक्ष दुसरीकडे गेले की ते बंद पडते. दारातून जाताना, अरुंद जागेत, वळताना आणि घाईत पाय अधिक थिजतात. बंद होत आलेला लिफ्टचा दरवाजा किंवा मागून रेटा देणारी रेल्वे पुलावरची गर्दी म्हणजे या साऱ्या अडचणी एकदम.

अशा वेळी हात धरून ओढणे हा सर्वांत वाईट उपाय. शरीर पुढे जाते, पाय मागेच राहतात आणि माणूस कोसळतो. आधी थांबू द्यावे. मग शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर झुलवावा, ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका मोजावा किंवा सोबत्याने आपले पाऊल रुग्णाच्या पावलापुढे आडवे ठेवून ते ओलांडायला सांगावे. ज्या दारात नेहमी पाय अडतो, तेथे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या लावल्याने अनेकांना लाभ होतो. जागच्या जागी गिरकी घेण्याऐवजी मोठे वळण घेऊन फिरावे. या युक्त्या सर्वांनाच सारख्या लागू पडत नाहीत, आणि एकाच रुग्णाला आज उपयोगी पडलेली युक्ती उद्या पडेलच असेही नाही.

तालाचा उपयोग नृत्यातही करून घेतला जातो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली पार्किन्सनच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. पुण्यात नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनीही असे वर्ग चालविले आहेत. नृत्याने विकार बरा होत नाही. पण तबल्याचा ठेका सुरू असेपर्यंत हालचालीला बाहेरून आधार मिळतो.

औषधाच्या वेळेचे गणितही याच तयारीशी जोडलेले आहे. विकार जुना होत जातो, तसा एका गोळीचा परिणाम कमी तास टिकतो. गोळी चढलेली असताना चालता-बोलता असणारा माणूस ती उतरली की थिजतो. दुपारी दोनला जे जमले ते साडेतीनला का जमत नाही, याचे उत्तर बहुधा घड्याळात असते. डाळ, दूध, पनीर, मांस यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. म्हणून अनेक रुग्णांना ती जेवणाच्या आधी काही वेळ घ्यायला सांगितले जाते. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरी गोळ्यांच्या नेहमीच्या वेळा पाळल्या जातील हे पाहावे. त्या एकाएकी बंद केल्यास ताप, तीव्र ताठरपणा आणि जिवाला धोका संभवतो. चक्करेवर सर्रास दिले जाणारे सिनारिझिन, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड, तसेच मनोविकारांवरील काही औषधे डोपामीनच्या कामात अडथळा आणून लक्षणे वाढवितात. काही वेळा पार्किन्सन नसलेल्या माणसातही ती तशीच लक्षणे निर्माण करतात. त्यामुळे चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे अगत्याचे. दवाखान्यात शिरताच अनेक रुग्ण नेहमीपेक्षा बरे चालतात. तेव्हा घरात पाय थिजतो त्या क्षणाचे मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण आणि आधीची गोळी किती वाजता घेतली होती याची नोंद सोबत नेली, तर मात्रा ठरविणाऱ्या चेतातज्ज्ञाला ती उपयोगी पडते.